खेळाची शाळा गावातच आहे, जरा येऊन बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मोठ्या शहरातल्या नव्या पद्धतीच्या शाळांवर पानभर लिहिलंय, जिथं घंटा नाही, दप्तर नाही, आज काय करायचं ते लेकरूच ठरवतं आणि बाई नुसत्या जवळ बसून असतात. फोटो छान होते, लाकडी ठोकळे, मातीची भांडी, जमिनीवर फतकल मारून बसलेली लेकरं. मी आमच्या मदतनीस ताईला म्हणलं, हे बघ आपली अंगणवाडी छापून आलीय, फरशी तेवढी जरा बरी आहे आणि फी लाखात आहे. ती हसली आणि चुलीवरची खिचडी बघायला गेली.

मला मात्र नुसतं हसून सोडून देता येईना म्हणून हे पत्र लिहायलेय. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव टाकत नाही, टाकलं की लगेच वरून फोन येतो, कोणाला विचारून लिहिलं म्हणून. लेख चांगलाच होता पण सगळा सूर असा होता की ही पद्धत परदेशातून आलीय आणि ज्यांना परवडतं ते पालक आता तिकडं वळायलेत. म्हणजे बाकीच्यांनी काय समजायचं? आमच्या लेकरांनी रेघोट्या मारत बसायचं आणि खेळायचं फक्त परवडणाऱ्यांनी?

खरं तर हे सगळं गरिबांच्याच लेकरांपासून सुरू झालंय. मारिया मॉन्टेसरी म्हणून इटलीतल्या डॉक्टर बाई होत्या, त्यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं ते सॅन लोरेंझो नावाच्या मजुरांच्या वस्तीत, आईबाप कामाला गेले की लहान लहान पोरं इमारतीत मोकाट हिंडायची, भिंती खराब करायची, म्हणून त्या घरमालकांनाच वाटलं की यांना कुठंतरी बसवा. तिथं बाईंना दिसलं की चांगली खेळणी समोर असली तरी लेकरं ती बाजूला ठेवून झाडणं, बटणं लावणं, पाणी ओतणं असली खरी कामंच परत परत करायलीत. आता त्याच बाईंचं नाव लावलेल्या शाळांची फी बघा म्हणजे झालं. आपल्याकडं गिजुभाई बधेका म्हणून वकील होते काठियावाडातले, घरात लेकरू आलं तेव्हा मॉन्टेसरी वाचली आणि वकिली सोडून १९२० ला भावनगरला बालमंदिर काढलं, लोक त्यांना मिशावाली आई म्हणायचे. ताराबाई मोडक तिथंच त्यांच्यासोबत होत्या, १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि पुढं १९४५ ला ताराबाईंनी डहाणूकडं बोर्डीला खेड्यात काम सुरू केलं, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली तर वस्तीतली लेकरं येईनात. कशी येणार, धाकटं भावंडं सांभाळायचं, शेरडं बघायची. मग या बायांनी काय केलं तर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली! आधी लेकरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन खेळायचं कारण मॉन्टेसरीचं ते साहित्य विकत घ्यायला पैसे कुठं होते. पुढं जवळच्याच कोसबाडला तर गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात. सरकारने १९७५ ला, २ ऑक्टोबरला, जी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि जिच्यात आज मी काम करते तिच्या केंद्राला नाव या ताराबाईंच्याच अंगणवाडीचं आहे. ट्रेनिंगमध्ये एका मॅडमने हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या बायांना पहिल्यांदा कळलं की आपण उगं खिचडी वाटणाऱ्या नाहीत.

आता गावात काय चाललंय ते सांगते. सकाळी आठच्या आत पिवळी व्हॅन येते. तालुक्याच्या गावाला इंग्लिश स्कूल झालीय (एक नाही, चांगल्या पाच-सहा झाल्यात), तिची नर्सरी. तीन-साडेतीन वर्षाचं लेकरू, धड झोप झालेली नाही, गळ्यात टाय, पाठीवर त्याच्यापेक्षा रुंद दप्तर, त्याला आजी उचलून व्हॅनमध्ये टाकते आणि ते व्हॅनमध्येच परत झोपतं. दुपारी आलं की जेवण झाल्या झाल्या होमवर्क, ए टू झेड तीन वेळा, वन टू फिफ्टी एक वेळा. माझ्या शेजारच्या घरातलं पोरगं लिहिता लिहिता पेन्सिल मुठीत धरतं, सगळा जीव खांद्यातून लावतं, पान फाटतं, मग आई रट्टा देते आणि म्हणते एवढे पैसे भरलेत रे तुझ्यासाठी. ती काही वाईट बाई नाही, चांगली माझी मैत्रीण आहे, सोयाबीन काढायला रोजानं जाऊन फी भरते.

त्या पोराच्या हाताबद्दल मी एका आरोग्य शिबिरात डॉक्टरांना विचारलं होतं तर त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात, जन्माला येतं तेव्हा एक्स-रेमध्ये त्यातलं एकही दिसत नाही कारण सगळी कूर्चाच असते, मग एकेक करून पक्की होतात. तीन-चार वर्षाच्या लेकराच्या एक्स-रेत त्यातली तीन-चारच दिसतात आणि शेवटचं हाड दिसायला नऊ-दहा, कधी बारा वर्षसुद्धा लागतात. म्हणजे त्या वयात हाताला लिहायला लावायचं नाही, लिहायला तयार करायचं असतं. माती मळणं, कणकेचा गोळा करणं, शेंगा फोडणं, कागद फाडणं, मण्यात दोरा ओवणं, चिमटीनं ज्वारीचे दाणे वेचून बाटलीत टाकणं, हे सगळं त्याच्यासाठीच असतंय. हे केलेलं लेकरू पहिलीत गेलं की पेन्सिल आपोआप तीन बोटात धरतं, मी बघितलेलं आहे, कोणी शिकवावं लागत नाही.

आपण शेतकरी माणसं आहोत, आपल्याला तरी हे कळायला पाहिजे. कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, तरी मिरगाच्या दोन सरी पडल्या आणि शेजाऱ्याने चाड्यावर मूठ धरली की आपल्याला दम निघत नाही, आपण पण पेरतो आणि मग आभाळाकडं बघत बसतो, दुबार पेरणीला बियाणं उधार आणतो. नर्सरीचं अगदी तसंच चाललंय, शेजाऱ्याचं लिहायलंय म्हणून आपलंही लिहायला पाहिजे.

आणि अंगणवाडीत आलेल्या आया मला रोज काय विचारतात, ताई आज काय शिकवलं? मी म्हणते खेळले. तोंड बारीक होतं त्यांचं. म्हणून मी इथं जरा सविस्तर लिहिते खेळले म्हणजे काय केलं.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला त्या दिवशी आमच्या पत्र्यावरून पाणी अंगणात पडायलं होतं. त्या दिवशीचं माझं नियोजन रंग ओळख असं होतं, वहीत लिहिलेलं आहे, सुपरवायझर मॅडम बघू शकतात. पण लेकरं खिडकीतून हलेचनात. मग म्हणलं जाऊ द्या, रंग कुठं पळून जायलेत. एक रिकामा तेलाचा डबा, फुटका पाइपचा तुकडा आणि दोन करवंट्या तेवढ्या दिल्या आणि मी दारात बसले. थोड्या वेळात चिखलाचा बांध झाला, मग पाट झाला, मग एकानं पाटाला दारं ठेवलं आणि भांडण सुरू झालं, माझ्या वावरात येऊ दे की पाणी, तुझं किती वेळ झालं चालूच आहे! चार-साडेचार वर्षाची लेकरं आणि पाळी लावायलीत पाण्याची. एक पोरगी मोठी हुशार, तिनं सांगितलं माझी करवंटी भरंस्तोवर तुझं, मग त्याची. आता मला सांगा, मापन म्हणजे याच्यापेक्षा वेगळं काय असतं? डब्यात किती करवंट्या मावतात ते त्यांनीच मोजलं, अकरानंतर एकदम तेरावर गेले, मी टोकलं नाही, दुसऱ्या पोराने टोकलं. मग बांध फुटला तेव्हा का फुटला यावर चर्चा झाली, एकाचं म्हणणं होतं की माती वाळलेली होती, एकाचं की पाणी लई झालं. मराठवाड्यातली लेकरं आहेत, पाण्यावरचं भांडण त्यांना शिकवावं लागत नाही हे आपलं दुर्दैव, पण ते भांडण सोडवायला त्या दिवशी मोठं माणूस लागलं नाही.

दुसरी गोष्ट जरा जड आहे. आमच्या गावातली निम्मी घरं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की ट्रक येतात, लेकरंबाळं, भांडीकुंडी, शेळ्या सगळं घेऊन लोक सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात ते पार मार्च-एप्रिलपर्यंत. अशीच परत आलेली दोन-तीन पोरं एकदा कोपऱ्यात खेळायली होती. एकजण मुकादम (उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन मजुरांची टोळी नेणारा) झाला होता, कानाला चपटा दगड लावून फोनवर बोलायचा, दुसऱ्याला म्हणला, उचल घेतलीस ना, मग बस गाडीत. खड्यांच्या नोटा मोजून दिल्या त्याने, दुसऱ्याने परत मोजल्या आणि म्हणला दोन कमी हायत. तिसरी पोरगी चूल मांडून बसली होती, ती म्हणाली लेकरू आजारी आहे आज येत नाही. तर मुकादम म्हणला खाडा पडंल. मी तिथंच उभी होते, काही बोलले नाही. एरवी ते पोरगं माझ्याशी दोन शब्द बोलत नव्हतं, उसाच्या फडावरून आल्यापासून मुकं झाल्यासारखं होतं, आणि इथं तोंडाचा पट्टा चालू. एवढे महिने उसाच्या पाचटात काय काय बघितलं ते सगळं त्याने खेळून बाहेर काढलं. याला आता ए फॉर ॲपल लिहायला बसवलं असतं तर त्याच्या पोटातलं मला कधी कळलं असतं? नंतर त्याच खड्यांवर आम्ही आठवडी बाजार मांडला, करवंट्यांचा तराजू केला, जड कोणतं हलकं कोणतं, दोन कमी म्हणजे किती झाले. बाजाराला सुरुवात त्यानेच करून दिली होती, मी फक्त पुढं ढकललं.

हेच लोकांच्या लक्षात येत नाही बघा. लेकराच्या कलाने म्हणजे लेकरांना सोडून देऊन बाई मोबाईल बघत बसली असं नसतंय. (बाई मोबाईल बघत बसते हे खरं आहे, त्यावर पुढं येते.) बघणं हेच मोठं काम आहे, कोण कशात रमलंय, कोण एकटं पडलंय, कोणाला आता एक शब्द दिला की पुढं जाईल आणि कोणाला दिला की खेळ मोडेल. वीस-पंचवीस लेकरांवर एकटीनं असं लक्ष ठेवण्यापेक्षा फळ्यावर अ आ इ काढून चला म्हणा म्हणणं शंभर पटीनं सोपं आहे, ज्यांना वाटतं आम्ही आराम करतो त्यांनी एक दिवस येऊन करून बघावं.

पालक मेळाव्यात मी एकदा भाषण न करता आज्यांना सागरगोटे खेळायला बसवलं. पदर खोचून बसल्या की त्या! पाच सागरगोटे, एक वर फेकायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे चार उचलायचे, आधी एकेक करून, मग दोन दोन, मग तीन आणि एक, मग चारी एकदम. मी पालकांना विचारलं हे काय चाललंय? कोणाला सांगता येईना. मग पहिलीच्या गुरुजींनीच सांगितलं की हीच तर बेरीज आहे, चार म्हणजे दोन आणि दोन, चार म्हणजे तीन आणि एक, हे आमच्या पोरांना पाठ असतंय पण वेगळं करून विचारलं की बोटं मोजत बसतात. आज्यांपैकी एकही शाळेत गेलेली नव्हती आणि बाजारात त्यांना कोणी एक रुपयाला फसवून दाखवावं. विटीदांडू, लगोरी, कवड्या, पोळ्याला मातीचे बैल करणं, हे सगळं आपलंच आहे, कुठल्या कंपनीचं किट मागवायला नको.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलायली. पालक वेडे नाहीत. ते बघायलेत की लातूरला क्लास लावला तर पोरगं डॉक्टर होतंय, लातूर पॅटर्न म्हणजे पाठांतर, सराव पेपर, परत पाठांतर, आणि त्यातून आमच्यासारख्या कोरडवाहू भागातली शेकडो पोरं वर गेलीत हे काही खोटं नाही. माझी स्वतःची मुलगी तिथं रूम करून राहते, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करते, रोजचा पेपर रोजचा रँक. मी तिला तिथं ठेवलंय आणि त्याचा मला पश्चात्ताप वगैरे नाही. पण ती सतरा वर्षाची आहे, तिनं ठरवलंय तिला काय व्हायचंय. तोच पॅटर्न खाली खाली घसरत आधी आठवीत आला, मग सहावीत फाउंडेशन बॅच निघाल्या आणि आता नर्सरीत रँक द्यायलेत, तीन वर्षाच्या लेकराला फर्स्ट आला म्हणून ट्रॉफी, स्टेटसला फोटो. कशात फर्स्ट आला हो? डबा खाण्यात?

इंग्रजीचं पण तसंच. इंग्रजी पाहिजे, मला स्वतःला येत नाही म्हणून काय काय सोसावं लागतं मला माहितीय. पण घरी एक शब्द इंग्रजी नाही, शिकवणारी बाई पण मराठीतच विचार करणारी, अशा ठिकाणी लेकराला बोलता येतं ती भाषा बंद करून येत नाही ती पाठ करायला लावली की ते गप्प बसायला शिकतं, बाकी काही नाही.

आणि जे लोक म्हणतात परीक्षाच नको, लेकरू आठव्या-नवव्या वर्षापर्यंत वाचलं नाही तरी चालेल, त्याला वाटेल तेव्हा ते वाचेल, त्यांच्याशी पण माझं जमत नाही. ज्या घरात पुस्तकांची कपाटं आहेत तिथं ते चालत असेल. आमच्याकडं तिसरीत वाचता आलं नाही तर ते लेकरू मागं पडतं ते पडतंच, घरी भरून काढायला कोणी नसतं, पुढं सातवी-आठवीत शाळा सुटून हातात कोयता येतो. लेकरांना वाचता-मोजता येतं का ते गावोगाव जाऊन तपासणारी असरची २०२२ ची पाहणी बघा, देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जेमतेम ४३ टक्के लेकरांना दुसरीचा धडा वाचता आला. म्हणून वाचायला शिकवायचंच, नीट शिकवायचं, सहा-सात-आठ या वयात जीव तोडून शिकवायचं. फिनलंडमध्ये तर शाळाच सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली लोकं काही अडाणी राहिली नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या आधीची तीन वर्षं लेकराची त्याला द्या. भाषा तोंडात भरपूर खेळलेली असली, गोष्टी ऐकलेल्या असल्या, गाणी पाठ असली तर अक्षरं लवकर बसतात.

कागदावर तर सगळं छान छान लिहिलेलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्ष हा एकच पायाभूत टप्पा केलाय, खेळातून आणि कृतीतून शिकवा म्हणलंय, मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षाच्या आत होते असं त्यातच लिहिलंय. दप्तराचं धोरण पण २०२० चंच, बालवाडीला दप्तर नाही आणि दुसरीपर्यंत होमवर्क नाही. शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा लिहिलंय की शिकणं कृतीतून, शोधातून आणि भीतीशिवाय व्हावं, पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा, त्याच्या खालच्या लेकरांना तो जवळपास लागूच नाही म्हणून नर्सरीवाल्यांना विचारणारं कोणी नाही. शाळांना २०२४ पासून आनंददायी शनिवार आलाय. चांगलं आहे, पण मग सोमवार ते शुक्रवार काय म्हणायचं ते पण जीआरमध्ये लिहा की.

आता मोबाईलचं. पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप २०२१ ला आलं तेव्हापासून माझी सकाळ त्यात जाते. हजेरी, वजन, उंची, गृहभेट, गरोदर माता, स्तनदा माता, आहार वाटला का, आता तर घरी न्यायचा आहार देताना चेहरा स्कॅन करायचा, रेंज नाही, सर्व्हर नाही, बाई उन्हात उभी, डोळे मिचकाव म्हणतं ते ॲप, ती मिचकावते, तरी होत नाही. तेवढ्या वेळात आत लेकरं एकमेकांच्या उरावर. कुपोषणाचं काम महत्त्वाचं आहे, वजन करायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिन्याच्या मीटिंगमध्ये आम्हाला किती टक्के एंट्री झाली ते विचारतात, पूर्वशालेय शिक्षणाचं किती वेळ केलं हे शेवटी चहा येता येता. जे विचारतात तेच काम होतं, साधी गोष्ट आहे. सकाळचे दोन तास तरी आमच्या हातात मोबाईल नको, वाटप आणि एंट्री दुपारी ठेवा, एवढं जरी वरच्या लोकांनी केलं तरी बराच फरक पडेल, याला पैसा पण लागत नाही. आणि अंगणाला सावली आणि पाणी द्या. बऱ्याच अंगणवाड्या अजून समाजमंदिरात, कोणाच्या तरी पडवीत, शाळेच्या पडक्या खोलीत भरायलेत, उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की आत बसवत नाही, मग कसला मुक्त खेळ.

कोयत्यावर जाणाऱ्यांचं तर कोणाच्या गावीच नाही. शाळेतल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह तरी निघतात, आजी-आजोबांकडं जेवणाची सोय होते, म्हणून मोठी लेकरं मागं राहू शकतात. सहाच्या आतलं लेकरू आईला सोडून कसं राहणार, ते फडावर जाणारच. कारखान्याच्या तळावर, खोप्यांच्या मधोमध, एक सतरंजी, एक पाण्याचा माठ आणि एक शिकलेली बाई एवढं दिलं तरी ती अंगणवाडीच होईल. ताराबाईंनी अंगणात आणि कुरणात नेली होती, साखर कारखान्याला तळावर न्यायला काय हरकत आहे? टोळ्यांमध्येच बारावी झालेल्या सुना असतात, त्यांच्यातलीच एक घ्या, तिला त्या दिवसाचा रोज द्या. मी हे मीटिंगमध्ये बोलले होते तर मला सांगण्यात आलं की हे आपल्या बीटमध्ये, म्हणजे आपल्या हद्दीत येत नाही.

पालकांना हात जोडून एक विनंती, लेकरू घरी आल्यावर आज काय लिहिलं असं विचारू नका, आज कोणासोबत खेळलास, काय केलं, मग पुढं काय झालं असं विचारा आणि तो सांगत असताना टीव्ही बंद ठेवा. आणि फीचे पैसे द्यायच्या आधी एकदा कुठल्याही दिवशी न सांगता अंगणवाडीत येऊन बसा. वाईट चाललेलं दिसलं तर मला तोंडावर बोला, ग्रामसभेत बोला, लेकरं कमी झाली की अंगणवाडी आपोआप मरते, मग तुमच्याकडं व्हॅनशिवाय काही उरत नाही.

साहेब पत्र लांबलं, कापायचं असेल तर इतिहासातलं कापा पण पाण्याच्या पाळीचं आणि कोयत्याचं ठेवा. आणि जमलं तर मे महिन्यात छापा, तुमच्या पेपरात तेव्हा नर्सरी ॲडमिशनच्या पानभर जाहिराती असतात, त्यांच्या शेजारीच कुठंतरी जागा करा म्हणजे ज्यांनी वाचायला पाहिजे ते वाचतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक अंगणवाडी सेविका
ता. केज, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)